वरच्या गोदावरीचा जलमार्ग

वरच्या गोदावरीचा जलमार्ग ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हाती घेतलेली आणि १८७१ मध्ये सोडून दिलेली नौकानयन योजना होती. बंगालच्या उपसागरावरील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशापासून गोदावरी व प्राणहिता या नद्यांमधून आजच्या गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांपर्यंत आणि तेथून वर्धा नदीच्या खोऱ्यापर्यंत मालवाहू नावा नेणे हा तिचा उद्देश होता. नदीपात्रातील खडकाळ टप्पे, म्हणजेच ‘तीन अडथळे’, बंधारे, कालवे व जलपाश बांधून ओलांडायचे होते. प्राणहितेच्या डाव्या तीरावरील सिरोंचा हे गाव या मार्गावरचे मुख्य ठाणे होते. १८६० पासून ते ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचे मुख्यालयही होते. योजना पूर्ण झाली नाही. मात्र तिच्या निमित्ताने झालेल्या तहामुळे व सीमाबदलामुळे सिरोंचा परिसर ब्रिटिश हिंदुस्थानच्या मध्य प्रांतात आला, आणि त्यामुळेच तो आज महाराष्ट्रात आहे.

नावाविषयी

महाराष्ट्रातील वाचकाला ‘वरची गोदावरी’ म्हटले की नाशिक, पैठण, नांदेड हा भाग आठवतो. येथे मात्र तो अर्थ नाही. हे नाव मद्रास इलाख्यातील अभियंत्यांनी समुद्राकडून पाहून दिले. राजमहेंद्रीच्या वर, पापी कोंडलू डोंगरांतील घळईच्या पलीकडे जी नदी आहे ती त्यांच्या दृष्टीने ‘वरची’ होती. त्यामुळे भद्राचलम, दुम्मागुडेम, सिरोंचा व प्राणहितेचे खोरे यांचा या संज्ञेत समावेश होतो. नाशिक–नांदेडकडच्या गोदावरीचा होत नाही.

‘बंदर’ हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. कोकणातील बंदराला धक्का, गोदी, वखारी असतात. प्राणहितेच्या काठी असे काही टिकत नाही. पावसाळ्यात पाणी कित्येक मीटर चढते, उन्हाळ्यात तीच नदी रुंद वाळवंटामधून वाहणाऱ्या एक-दोन धारांवर येते. ज्या ठिकाणी श्रावणात नाव बांधली जाते तेथून वैशाखात पाणी बरेच लांब गेलेले असते. म्हणून नावा बांधण्याची जागा नदीबरोबर सरकते आणि लोक तिला ‘घाट’ म्हणतात. सिरोंचा हे नदीबंदर होते असे म्हणताना नावा लागण्याचा घाट, माल उतरवण्याची जागा आणि वर उंच काठावर कचेरी, बाजार व वस्ती असे चित्र समोर ठेवावे.

नदीची रचना

वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ होतो. संगमानंतरच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. वर्धेला त्याआधीच चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगा मिळालेली असते. त्यामुळे प्राणहिता केवळ सुमारे ११३ किलोमीटर लांबीची असली तरी तिच्यात विदर्भाच्या मोठ्या भागाचे आणि मध्य प्रदेशातील शिवनी, बालाघाट भागाचे पाणी येते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. सिरोंच्याच्या खाली, पलीकडच्या तीरावरील काळेश्वर येथे ती गोदावरीला मिळते. तेथून पुढे सोमनूरजवळ बस्तरमधून येणारी इंद्रावती मिळते. या दोन संगमांनंतर गोदावरी खऱ्या अर्थाने मोठी नदी होते.

या भागात जुन्या कठीण खडकांत खचलेली एक लांबट दरी असून तिच्यात गोंडवनी काळातील वाळूखडक, शेल व चुनखडीचे थर साचलेले आहेत. मऊ थरांवरून नदी संथ व खोल वाहते. कठीण खडकाचे पट्टे आडवे येतात तेथे पात्र रुंद होऊन शेकडो दगडी सुळक्यांमध्ये फुटते. नौकानयनाच्या दृष्टीने ही रचना फसवी आहे. अडथळ्यांमधील पाण्याचे लांब पट्टे पाहून नदी सहज वापरता येईल असे वाटते. प्रत्यक्षात तीन छोटे टप्पे सारा मार्ग तोडून टाकतात. याच थरांमध्ये सिरोंच्याजवळील कोटा या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात माशांचे जीवाश्म मिळाले. प्राणहिता-गोदावरी खोरे आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते जलमार्गामुळे नव्हे, तर या जीवाश्मांमुळे व डायनोसॉरच्या अवशेषांमुळे.

पारंपरिक नावा व नावाडी

ब्रिटिश अभियंते येण्यापूर्वीही या नद्यांवर नावा होत्या, पण त्यांचे काम वेगळे होते. चंद्रपूर–गडचिरोली भागातील बहुतेक नावा नदी ओलांडण्यासाठी असत. नदीच्या लांबीने दूरचा प्रवास करण्यासाठी नव्हे. त्यांत सर्वांत साधा प्रकार म्हणजे डोंगा. एकाच जाड खोडाचा गाभा कोरून तो तयार करतात. तो अरुंद, हलका व उथळ पाण्यात चालणारा असतो. बांबूच्या लांब काठीने ढकलून किंवा वल्ह्याने तो चालवतात. एकटा डोंगा कलंडण्याची भीती असते, म्हणून जास्त ओझे न्यायचे असल्यास दोन डोंगे शेजारीशेजारी बांधून त्यांवर फळ्या किंवा बांबूचा ताटवा टाकतात. मासेमारी व नाव चालवणे हे व्यवसाय मुख्यतः ढीवर, भोई व केवट या समाजांकडे होते. नाव काठाला आणली की ती खुंटीला किंवा काठावरच्या झाडाला दोराने बांधतात. पुराच्या दिवसांत दोर पुन:पुन्हा सैल अथवा ताठ करावा लागतो, म्हणून नावाड्याची वस्ती घाटाजवळ असणे सोयीचे ठरते.

याउलट त्रिभुज प्रदेशातील नावा मालवाहू होत्या. त्यांना तेलुगूत ‘पडव’ म्हणतात. रुंद, सपाट तळाच्या या नावांवर ताडाच्या झावळ्यांचे किंवा चटईचे छप्पर असे. वारा अनुकूल असेल तेव्हा शीड उभारत, नसेल तेव्हा माणसे काठावरून दोर ओढत नाव चालवीत. धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानंतर कालव्यांचे जाळे तयार झाले आणि या नावांचा व्यापार भरभराटीस आला. हाच व्यापार उगमाकडे वाढवता येईल, ही योजनेमागील मूळ कल्पना होती.

प्रवाहाबरोबर जाणारा एक जुना माल मात्र येथेही होता, तो म्हणजे सागवान. अहेरी व आलापल्लीच्या जंगलातील साग इमारती लाकूड म्हणून प्रसिद्ध होता. ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे पुराच्या पाण्यावर खाली सोडले जात. लाकडाला ना जलपाश लागतो ना परतीचा प्रवास, म्हणून नदीचा हा उपयोग कोणत्याही सरकारी योजनेशिवाय चालू शकला.

योजनेची पार्श्वभूमी

आर्थर कॉटन (१८०३–१८९९) यांच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचा बंधारा १८४७ ते १८५२ या काळात बांधला गेला. सिंचनाबरोबर नौकानयन हा कॉटन यांच्या विचाराचा दुसरा भाग होता. हिंदुस्थानसारख्या देशात जड व स्वस्त माल हलवण्यासाठी लोहमार्गापेक्षा जलमार्ग पुष्कळ कमी खर्चाचे पडतील, हे मत त्यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडले. गोदावरी ही त्यांच्या मते त्याची सर्वांत योग्य परीक्षा होती. नदीची पाहणी त्यांचे सहकारी फेलिक्स थॅकरे हेग यांनी केली. गोदावरी व तिच्या काही उपनद्यांवर नावा कितपत चालू शकतील याविषयीचा त्यांचा अहवाल १८५६ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास वरच्या खोऱ्यातील राजकीय स्थिती बदलली होती. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निधन पावले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याबरोबर चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर व गडचिरोलीचा बहुतांश भाग, कंपनी सरकारच्या ताब्यात आला. वर्धा खोऱ्यातील, विशेषतः हिंगणघाटच्या बाजारपेठेतील कापूस उत्तम प्रतीचा समजला जाई. पण तो समुद्रापर्यंत नेणे कठीण होते. लोहमार्ग येण्यापूर्वी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून मुंबईकडे किंवा उत्तरेला मिर्झापूरकडे जात असे. वाटेत पाऊस लागला तर तो भिजे, धूळ व काडीकचरा मिसळे, आणि महिने मोडत. परतीचा माल म्हणजे मीठ. पूर्व किनाऱ्यावरचे मीठ बंजारा तांडे बैलांवर लादून आत आणत. नदीने कापूस खाली जावा आणि मीठ वर यावे, असे योजनेचे सोपे गणित होते.

या गणिताला इंग्लंडमधून बळ मिळाले. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेखेरीज कापसाचा दुसरा पुरवठा हवा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर ही गरज निकडीची झाली, वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे भाव चढले आणि गोदावरीच्या कामाला निधी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

१८५८ चा उठाव

योजनेचे कागद तयार होत असताना प्राणहितेच्या काठावरील लोकांना नव्या सत्तेचा अनुभव दुसऱ्याच रूपाने येत होता. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली–घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी गोंड, माडिया व रोहिला सैनिकांच्या साहाय्याने उठाव केला. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकरवी बाबूरावांना पकडण्यात आले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. जलमार्गाच्या इतिहासात या घटनेची नोंद आवश्यक ठरते, कारण ज्या दरीतून तारेची लाईन व नंतर नावा न्यायच्या होत्या ती दरी ओसाड नव्हती. जमीनदाऱ्या, वहिवाटी व घाट यांची व्यवस्था तेथे आधीपासून होती. अभियंत्यांच्या लेखनात या लोकांचा उल्लेख प्रामुख्याने मजूर मिळतील की नाही या एकाच प्रश्नासंदर्भात येतो.

१८६० चा तह व अपर गोदावरी जिल्हा

गोदावरीचा उजवा तीर आणि डाव्या तीराचाही काही भाग निजामाच्या राज्यात होता. दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या नदीवर जकातीच्या चौक्या असतील तर मालवाहतूक परवडणार नाही, हे उघड होते. डिसेंबर १८६० मध्ये निजामाशी झालेल्या तहात याचा निकाल लागला. नळदुर्ग व रायचूर दुआब हे प्रदेश निजामाला परत मिळाले. निजामाने गोदावरी व वैनगंगेच्या डाव्या तीरावरील आपला मुलूख ब्रिटिशांना दिला आणि या नद्यांवरील वाहतूक जकातमुक्त राहील असे मान्य केले. दोन सत्तांच्या तहात नद्यांवरील जकातीसाठी स्वतंत्र कलम यावे, यावरून जलमार्गाकडून केवढी अपेक्षा होती हे दिसते.

मिळालेल्या मुलुखात सिरोंचा, नुगूर, आल्बाका, चेरला, भद्राचलम व रेकापल्ली हे सहा तालुके होते. त्यांचा अपर गोदावरी जिल्हा करण्यात आला आणि मुख्यालय सिरोंचा येथे ठेवण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर हा जिल्हा त्यात समाविष्ट झाला. येथील डेप्युटी कमिशनरकडे बस्तर संस्थानावरील देखरेखही होती. या पदावरील सी. एल. आर. ग्लासफर्ड यांनी १८६२ मध्ये बस्तरविषयी लिहिलेला अहवाल आजही संदर्भासाठी वापरला जातो. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हे १८६२ ते १८६७ या काळात या योजनेचे पुरस्कर्ते होते. ते हौशी जलरंगचित्रकारही होते; पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

तीन अडथळे

पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे होता. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरी येथे होता. म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या नावेला सिरोंच्यापर्यंत दोन अडथळे पार करावे लागत आणि सिरोंच्याहून वर्धेकडे जायचे तर तिसरा. सिरोंच्याचे महत्त्व या स्थानामुळे होते. दुसऱ्या व तिसऱ्या अडथळ्याच्या मधल्या संथ पट्ट्यात, दोन मोठ्या नद्यांच्या संगमाजवळ ते वसलेले आहे.

अडथळा ओलांडण्याची पद्धत तिन्ही ठिकाणी सारखीच योजली होती. खडकाळ टप्प्याच्या वरच्या टोकाला नदीत आडवा बंधारा घालून पाणी वळवायचे, काठाने कालवा खणून ते न्यायचे आणि खालच्या टोकाला जलपाशातून नाव पुन्हा नदीत सोडायची. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत आल्यावर मागचा दरवाजा बंद करतात, हौदातील पाणी हळूहळू सोडून खालच्या पातळीला आणतात आणि पुढचा दरवाजा उघडतात. वर जाणाऱ्या नावेसाठी हेच उलट क्रमाने होते. कालव्यांच्या त्रिभुज प्रदेशात ही यंत्रणा रोजच्या वापरात होती. जंगलातील नदीवर ती उभारणे हे मात्र वेगळे काम होते.

बांधकाम व अडचणी

बांधकामाचा हंगाम अतिशय आखूड होता. पात्रातले काम पाणी ओसरल्यावरच सुरू करता येई. डिसेंबर-जानेवारीत कामाला वेग येतो न येतो तोच कडक उन्हाळा लागे, आणि जूनमध्ये पहिल्या पुराबरोबर सर्व थांबे. अर्धवट राहिलेले बांधकाम पुरात सुरक्षित राहील याची खात्री नसे. चुना, लोखंड, हत्यारे व धान्य दुरून आणावे लागे; मजुरांची मोठी भरती किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतून करावी लागे.

सर्वांत मोठा शत्रू हिवताप होता. पावसाळ्यानंतरचे महिने बांधकामासाठी जितके उपयुक्त, तितकेच तापाच्या दृष्टीने वाईट असत. डास व हिवताप यांचा संबंध त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हता. तो सिद्ध होण्यास १८९७ साल उजाडावे लागले. ‘जंगलाच्या वाईट हवेला’ दोष दिला जाई. आजारी पडलेले मजूर पळून जात, आणि नवे येण्यास तयार नसत. अभियंत्यांच्या अहवालांत खर्च, घनफूट व पाण्याची पातळी यांचा तपशीलवार हिशेब असतो. मजुरांच्या मृत्यूंना तेवढी जागा मिळत नाही.

दुम्मागुडेम येथील काम सर्वांत पुढे गेले. तेथील बंधारा उभा राहिला. हेग यांचा मुक्काम दीर्घकाळ तेथेच होता आणि त्यांच्या प्रेरणेने तेथे कोया लोकांमध्ये ख्रिस्ती मिशनचे कार्यही सुरू झाले. वरच्या दोन अडथळ्यांवरील काम अपुरेच राहिले.

कापसाचा हंगाम व नदीचा हंगाम

योजनेच्या अपयशाची चर्चा करताना खर्च, ताप व लोहमार्ग ही तीन कारणे नेहमी दिली जातात. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे चौथे कारण शेतीच्या दिनदर्शिकेत आहे. विदर्भातील कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. वरच्या गोदावरीत भरलेली मालवाहू नाव निर्धास्तपणे चालेल इतके पाणी जून-जुलैपासून साधारण नोव्हेंबरपर्यंत असते. म्हणजे कापूस बाजारात येऊ लागतो त्याच वेळी नदी उतरू लागते. त्या वर्षीचा बहुतेक कापूस नदीने न्यायचा तर तो पुढील पावसाळ्यापर्यंत वखारीत ठेवणे भाग होते. तेवढे महिने व्यापाऱ्याचे भांडवल अडकणार, भाव पडण्याची जोखीम राहणार, आणि शेवटी माल ऐन पावसात उघड्या नदीवरून जाणार. जलपाश कितीही चांगले बांधले तरी ते नदीला चैत्रात पाणी देऊ शकत नव्हते. वरच्या खोऱ्यात मोठी धरणे बांधून उन्हाळ्यासाठी पाणी साठवता येईल, असे उत्तर जलमार्गाचे समर्थक देत. पण तो आणखी एक स्वतंत्र आणि अधिक खर्चाचा प्रकल्प झाला असता.

कॉटन यांची तुलना प्रति मैल खर्चाची होती आणि त्या मर्यादेत ती चुकीची म्हणता येत नाही. व्यापाऱ्याला मात्र माल केव्हा पोहोचेल हे अधिक महत्त्वाचे होते.

योजनेचा शेवट

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. आता वर्ध्याचा कापूस बाराही महिने, कोरडा आणि काही दिवसांत मुंबईला जाऊ लागला. त्याआधीच, १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते. मुंबई हे युरोपकडे जाणाऱ्या जहाजांचे बंदर होते, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर पश्चिम किनाऱ्याचे आकर्षण आणखी वाढले. कोरिंगा व काकिनाड्याकडे कापूस नेण्याचे प्रयोजन उरले नाही. १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने वरच्या गोदावरीवरील काम बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्या काही वर्षांत लोहमार्ग वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत आला. वरोऱ्याच्या कोळसाखाणींसाठी तो उपयुक्त ठरला आणि ज्या बाजारपेठेसाठी जलमार्ग आखला होता तीच बाजारपेठ रेल्वेला जोडली गेली.

कॉटन यांनी हा निर्णय कधीच मान्य केला नाही. हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकामांविषयी ब्रिटिश संसदेच्या समितीने १८७८ मध्ये चौकशी केली, तेव्हाही त्यांनी जलमार्गांची बाजू मांडली. समितीचा कल त्यांच्या विरुद्ध होता. आंध्र प्रदेशात त्यांना आजही लोकोत्तर पुरुषाचा मान आहे, पण तो धवळेश्वरमच्या सिंचनामुळे. वरच्या गोदावरीतील अपयश तेथे क्वचितच आठवले जाते.

सिरोंच्यावरील परिणाम

योजना बंद पडल्यावर वेगळ्या जिल्ह्याची गरज राहिली नाही. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडण्यात आला. भद्राचलम व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्यातील गोदावरी जिल्ह्याला जोडले गेले आणि उरलेले चार चांदा जिल्ह्यात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नुगूर, आल्बाका व चेरला हेही मद्रासकडे गेले. सिरोंचा एकटे मागे राहिले. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्य व १९६० पासून महाराष्ट्र असा त्याचा प्रवास झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा सिरोंचा त्याचा सर्वांत दक्षिणेकडील तालुका ठरला.

येथील व्यवहारात आजही तेलुगू भाषेचे प्राबल्य आहे. मराठीतून शिकणारी मुले घरी तेलुगू किंवा गोंडी बोलतात. एकेकाळी जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या या गावापासून आजचे जिल्हा मुख्यालय गडचिरोली सुमारे २०० किलोमीटरहून दूर आहे. काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पूर्ण झाला, पण तो प्राणहितेच्या पश्चिमेकडून, मंचेरियल व सिरपूरमार्गे जातो. सिरोंच्याला रेल्वे कधीच आली नाही.

अवशेष व नंतरचे प्रकल्प

दुम्मागुडेमचा बंधारा अजूनही ओळखता येतो. इंचमपल्लीचे नाव विसाव्या शतकात पुन्हा पुढे आले, या वेळी मोठ्या धरणासाठी. गोदावरी पाणीवाटप लवादाच्या १९८० च्या निवाड्यात या आंतरराज्य प्रकल्पाचा विचार झाला, परंतु बुडिताच्या प्रश्नामुळे धरण झाले नाही.

त्यानंतर सिरोंच्याच्या खालच्या बाजूला मेडीगड्डा बंधारा आला. त्याबाबत महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी करार झाला. ८५ दरवाज्यांच्या या बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी काळेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पाचा भाग म्हणून झाले. फुगवट्याचे पाणी शेतात शिरते व काठ खचतो, अशी सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार असून भरपाईसाठी त्यांनी आंदोलने केली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले, त्यानंतर पाणी साठवणे थांबवावे लागले. एकोणिसाव्या शतकातील योजनेत तेलुगू प्रदेशातील किनारा आणि विदर्भ यांना जोडणारी नदी अपेक्षित होती. आजच्या वादात तीच नदी दोन राज्यांमधील पाण्याच्या पातळीचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये वैनगंगा–प्राणहिता हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९ म्हणून, तर पैनगंगा–वर्धा हा क्रमांक ७५ म्हणून घोषित झाला आहे. भद्राचलम ते राजमहेंद्री हा १७१ किलोमीटरचा पट्टा त्याआधीच, २००८ मध्ये, जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समाविष्ट झाला होता. घोषणेपलीकडे प्राणहितेवर मालवाहतूक सुरू झालेली नाही.

सध्याची नाववाहतूक

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिरोंच्याजवळ गोदावरी व प्राणहितेवर पूल झाले. त्यापूर्वी काळेश्वरला दर्शनासाठी, पलीकडच्या बाजारासाठी किंवा दवाखान्यासाठी नावेनेच जावे लागे. पूल झाल्यावर सिरोंच्याच्या घाटावरील नावांची संख्या घटली. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर मेळ्याच्या निमित्ताने मात्र घाटावर पुन्हा मोठी वर्दळ झाली. अहेरी–आलापल्लीचा साग आता तराफ्यांऐवजी ट्रकमधून जातो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी या भागातील सागाची पहिली खेप बल्लारशा येथून रस्त्यानेच रवाना झाली.

वैनगंगा, इंद्रावती, पर्लकोटा व इतर लहान नद्यांवर डोंगे व लाकडी नावा अद्याप चालतात. भामरागड व अहेरी तालुक्यांतील काही गावांना पावसाळ्यात बाजार, शाळा व आरोग्यकेंद्र गाठण्यासाठी त्यांचाच आधार असतो. पुलावरून जाण्याचा वळसा लांबचा पडतो म्हणून रोजंदारीवर जाणारे मजूर कोरड्या ऋतूतही नावेचा मार्ग धरतात. मिरची तोडणीच्या हंगामात ही ये-जा विशेष वाढते. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे वैनगंगेच्या पात्रात नाव उलटली आणि मिरची तोडण्यासाठी पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या महिला मजूर बुडून मरण पावल्या.